‘टर्न’ खरी किती? गाळलेली जागा आणि खोडलेली ओळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगा आठवीत आहे आणि शाळेत त्याला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू आहे. त्याच्याबरोबर तुम्ही ‘टर्न : वॉशिंग्टन्स स्पाइज’ बघायला घेतली आणि दोघंही गुंतलात. मग त्याने वर्गात सांगितलं की सिमको नावाचा इंग्रज अधिकारी माथेफिरू खुनी होता. बाई म्हणाल्या, टोरांटोत त्याच्या नावाने सुट्टी असते. तेव्हापासून आपल्याला फसवलं असं तुम्हाला वाटतंय. मालिका किती टक्के खरी आणि मुलाला पुढे बघू द्यावी का, हे तुम्ही विचारलंय.

टक्के मला सांगता येणार नाहीत. कुणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण प्रश्नाच्या पोटात जो खरा प्रश्न आहे, त्यावर मला बरंच सांगता येईल, कारण माझं पोटच त्याच्यावर चालतं.

मी मोडी वाचतो. वीसेक वर्षं पुण्यात पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, सोडतो आणि बांधतो आहे. मधूनमधून मराठी ऐतिहासिक मालिकांच्या लेखकांना कागद समजावून देण्याचं कामही करतो. अमेरिकेचा इतिहास हा माझा विषय नव्हे, पण हेरांचे कागद हा आहे. ‘टर्न’ पाहिल्यावर राहवलं नाही म्हणून ती ज्यांच्यावर बेतली आहे त्या वॉशिंग्टनच्या हेरांची, म्हणजे कल्पर टोळीची, पत्रं शोधून वाचत गेलो. वॉशिंग्टनच्या दफ्तरातली पत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून सगळ्यांना खुली ठेवली आहेत, टोळी चालवणाऱ्या टॉलमॅजने बनवलेला संकेतकोशसुद्धा. आमच्याकडे एक रुमाल बघायला अर्ज, सही आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी एवढं सगळं पार करावं लागतं, त्यामुळे मला हेवा वाटला हे कबूल करतो.

आता खरा प्रश्न. हेरांचा इतिहास बाकीच्या इतिहासासारखा नसतो. सरदार लढाई जिंकला की चार जण लिहून ठेवतात. हेर मात्र काम नीट करतो तेव्हा कागद जाळतो. म्हणजे या विषयावर मालिका काढायची तर मोठमोठ्या मोकळ्या जागा भराव्याच लागतात, त्याला इलाज नाही. म्हणून ‘त्यांनी कल्पना वापरली का’ असं विचारून काही हाती लागत नाही. कल्पना कुठे वापरली ते विचारायचं. जिथे कागद गप्प आहे तिथे, की जिथे कागद बोलतोय तिथे?

मालिकेची संहिता माझ्याकडे येते तेव्हा मी समासात पेन्सिलीने दोनच खुणा करतो, ‘गा’ आणि ‘खो’. गाळलेली जागा भरली असेल तर ‘गा’, लिहिलेलं खोडलं असेल तर ‘खो’. ‘गा’वर मी फारसं भांडत नाही. ‘खो’ दिसला की लेखकाला फोन करतो, आणि तो बहुतेक वेळा उचलत नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एएमसी वाहिनीवर २०१४ ते २०१७ या काळात चार सीझन, चाळीस एपिसोड झाले. न्यूयॉर्क शहर इंग्रजांच्या ताब्यात आहे. लाँग आयलंडवरच्या सेटॉकेट गावातला कोबी पिकवणारा अब्राहम वुडहल आपल्या बालमित्रांबरोबर वॉशिंग्टनसाठी हेरगिरी करतो. बालमित्र म्हणजे लष्करातला बेंजामिन टॉलमॅज, होडीवाला केलेब ब्रूस्टर आणि ॲना स्ट्राँग. यातली चारही माणसं खरी, गाव खरं, टोळीही खरी.

आधी ‘गा’ बघू.

ॲना स्ट्राँग दोरीवर काळा परकर वाळत घालते. त्याचा अर्थ ब्रूस्टर खाडीत आलाय. बाजूला किती रुमाल टांगलेत त्यावरून तो कुठल्या खाचेत लपलाय ते कळतं. मालिकेतली ही सगळ्यात लक्षात राहणारी युक्ती आहे. कल्पर पत्रव्यवहारात मात्र परकर नाही, रुमाल नाही, दोरीही नाही. ही गोष्ट तिथल्या घराण्यांतून तोंडी चालत आलेली आहे. खोटी म्हणता येत नाही, खरी म्हणायला पुरावा नाही. आपल्याकडे बहिर्जी नाइकांचं काय झालंय? बखरीत सुरतेच्या प्रसंगात त्यांचं नाव येतं, चार ओळी. बाकीचा सोंगं पालटणारा, फकिराच्या वेशात शत्रूच्या गोटात शिरणारा बहिर्जी आपण सगळ्यांनी मिळून उभा केला आहे. कागद नव्हता म्हणून जागा मोकळी होती, आणि ती भरावीशी वाटण्याइतका तो माणूस मोठा होता. ॲनाच्या दोरीला मी ‘गा’ देतो आणि पुढे जातो.

दुसरा ‘गा’ म्हणजे ‘३५५’. टॉलमॅजने १७७९ मध्ये शब्दांना आकडे देऊन कोश केला. वॉशिंग्टन ७११, टॉलमॅज स्वतः ७२१, वुडहल ७२२, न्यूयॉर्कमधला माणूस ७२३, सेटॉकेट ७२९. एकूण आकडे ७६३ पर्यंत जातात. त्यात ३५५ म्हणजे नुसतं ‘बाईमाणूस’. एका पत्रात वुडहल लिहितो की ओळखीच्या एका ३५५ च्या मदतीने आपण सगळ्यांना चकवू. बस, एवढंच. त्या एका आकड्यावर लोकांनी पुढे कादंबऱ्या, प्रेमकथा, तुरुंगातलं बाळंतपण, काय काय बांधलं. एका शब्दावर एवढी इमारत बघितली की मला आमच्याकडचा ‘जासूद’ हा शब्द आठवतो. पेशवाईच्या कागदांत ‘जासूद जोडी रवाना केली’ असं येतं आणि आजचा वाचक काळ्या घोंगडीतला गुप्तहेर डोळ्यांपुढे आणतो. बहुतेक वेळा तो बिचारा पत्रं पोचवणारा असतो, आजच्या भाषेत कुरिअरवाला. जोडी अशासाठी की एक आजारी पडला, नाही तर वाघाने नेला, तर दुसरा पुढे जाईल.

आता ‘खो’. इथे यादी लांब आहे, पण सगळे ‘खो’ सारखे नसतात, म्हणून एकेकाचं वजन सांगतो.

हलके आधी. मालिका १७७६ च्या शरद ऋतूत सुरू होते. टोळीचं काम प्रत्यक्षात १७७८ च्या शेवटी सुरू झालं. मालिकेत अब्राहमला बायको आणि तान्हं मूल आहे. खऱ्या वुडहलने १७८१ मध्ये लग्न केलं, म्हणजे हेरगिरीचा मुख्य काळ त्याने ब्रह्मचारी काढला. खरी ॲना त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, चांगली लेकुरवाळी बाई होती. मालिकेत ती त्याची जुनी प्रेयसी आहे, आणि अजून दोन इंग्रज अधिकारी तिच्यासाठी झुरतात. हे का करतात ते मला आतून माहीत आहे. चॅनलच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘हिरो पकडला गेला तर त्याचं काय जाणार?’ एकटा शेतकरी पकडला गेला तर त्याचा जीव जाईल, हे उत्तर चॅनलला पुरत नाही. बायको पाहिजे, पाळण्यात मूल पाहिजे. मी हे ऐकून ऐकून आता चिडायचं सोडलंय. समासात ‘खो’ लिहितो आणि शेजारी कंसात ‘चालेल’.

जड ‘खो’ दोन आहेत, आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत. एक अब्राहमचा बाप, दुसरा तुमचा सिमको.

मालिकेत बाप रिचर्ड वुडहल हा राजनिष्ठ न्यायाधीश आहे, इंग्रजांच्या मांडीला मांडी लावून बसणारा. बाप राजाचा आणि मुलगा बंडवाल्यांचा, म्हणजे घरातच युद्ध. कल्पना ठसठशीत आहे, नाकारत नाही. पण खऱ्या बापाचा ओढा बंडवाल्यांकडे होता. आणि कागद काय सांगतो बघा. १७७९ च्या वसंतात कुणीतरी वुडहलबद्दल चुगली केली. सिमको आपले क्वीन्स रेंजर्स घेऊन सेटॉकेटला आला. अब्राहम गावात नव्हता, न्यूयॉर्कला गेला होता. मुलगा सापडला नाही म्हणून त्यांनी म्हाताऱ्या बापाला धरून बेदम मारलं. हे अब्राहमने स्वतः पत्रात लिहिलंय. त्यानंतर शहरात जाऊन राहण्याची त्याची छातीच झाली नाही. आपल्यावर संशय आहे हे कळलं होतं. म्हणून शहरात बसणारा दुसरा माणूस शोधावा लागला. तो रॉबर्ट टाउनसेंड, म्हणजे ‘कल्पर ज्युनियर’.

थोडं थांबून हे परत वाचा. ज्याच्यासाठी मार पडला तो मुलगा शहरात बसून इंग्रजांच्या फौजा मोजत होता. घरी आला तेव्हा समोर मार खाल्लेला बाप. त्या घरात त्या रात्री दोघं एकमेकांशी काय बोलले असतील? हे कुठेच लिहिलेलं नाही. ही खरी गाळलेली जागा, लेखकाने जन्मात एकदा मिळावी अशी. आणि मालिकेने बापाला राजनिष्ठ करून ती जागाच पुसून टाकली. माझी तक्रार ‘इतिहासाशी प्रतारणा केली’ अशी नाही. कागदात याहून चांगला प्रसंग तयार पडला होता आणि तो त्यांनी सोडला, याचा मला राग आहे. ‘खो’मुळे नुकसान होतं ते असं. खोडलेल्या ओळीबरोबर तिच्या आजूबाजूची मोकळी जागाही जाते.

आता सिमको. तुमच्या मुलाच्या बाई बरोबर सांगतात. जॉन ग्रेव्ह्ज सिमको पुढे अपर कॅनडाचा, म्हणजे आजच्या ऑन्टारिओचा, पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला. टोरांटोची पायाभरणी त्याने केली. १७९३ मध्ये गुलामगिरीला आळा घालणारा कायदा त्याच्याच पुढाकाराने आला. युद्धाच्या काळात १७७८-७९ चा हिवाळा त्याने ऑइस्टर बे गावात टाउनसेंडांच्याच घरात काढला. हो, त्याच टाउनसेंडांच्या, ज्यांचा मुलगा लवकरच ‘कल्पर ज्युनियर’ होणार होता. टाउनसेंडच्या बहिणीला, सॅलीला, त्याने व्हॅलेंटाइनची कविता लिहून दिली. ते घर, रेनम हॉल, आज संग्रहालय आहे.

म्हणजे सिमको सज्जन होता का? तसंही नाही. मार्च १७७८ मध्ये न्यू जर्सीतल्या हॅनकॉक्स ब्रिजला त्याच्या माणसांनी रात्री एका घरात घुसून झोपलेल्यांना संगिनींनी भोसकलं. त्यात घरमालकही गेला, आणि तो तर इंग्रजांच्याच बाजूचा होता. ती जागा तुमच्याच राज्यात आहे, मुलाला नकाशावर दाखवा. थोडक्यात, कविता करणारा, शिस्तीचा, हुशार आणि हुकूम दिला की रात्री माणसं कापणारा. मालिकेने त्यातलं शेवटचं तेवढं घेतलं आणि बाकी वेडेपणाने भरलं. काम करणाऱ्या नटाने भूमिका जबरदस्त केली आहे, त्याचा आवाज कानातून जात नाही. पण मला विचाराल तर माथेफिरू माणसापेक्षा शहाण्या माणसाने केलेली क्रूरता जास्त भीतीदायक असते, आणि कागदात तोच माणूस होता.

जाता जाता, आपल्याशी संबंध. सिमकोला १८०६ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेचा सरसेनापती नेमलं होतं, लॉर्ड लेकच्या जागी. लेक म्हणजे १८०३ मध्ये शिंद्यांच्या फौजेशी लासवारीला लढलेला तोच. तो लेकही १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात होता. तिथे शरण आलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. सिमको मात्र पोचलाच नाही, वाटेत पोर्तुगालच्या मोहिमेवर आजारी पडला आणि इंग्लंडात परतून वारला. टॉलमॅज संकेतकोश जुळवत होता त्याच वर्षी, १७७९ च्या जानेवारीत, वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले होते. माझ्यासारख्याला ही पत्रं परकी वाटत नाहीत ती यामुळे. तीच माणसं, तेच वर्ष, फक्त शाई वेगळी.

शाईवरून आठवलं. मालिकेत उकडलेल्या अंड्याच्या आत मजकूर उमटवण्याची युक्ती दाखवली आहे. युक्ती जुनी आहे, सोळाव्या शतकात इटलीत लिहिलेली आहे, पण कल्पर पत्रांत अंडं नाही. त्यांच्याकडे खरीखुरी अदृश्य शाई होती. जेम्स जे नावाच्या डॉक्टरने बनवलेली. एका द्रावाने लिहायचं, दुसरा द्राव फिरवला की अक्षरं उमटायची. शाई कमी, महाग, आणि मिळण्याची सतत बोंब. ती वापरायची कशी हे वॉशिंग्टन स्वतः कळवतो. कोऱ्या कागदावर लिहू नका, संशय येतो, चोपड्या आणि पंचांगं यांच्या कोऱ्या पानांवर लिहा. आणि टाउनसेंडने आपला धंदा सोडू नये, दुकान हीच त्याची ढाल आहे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. पानिपतची बातमी नानासाहेबांना कशी कळली, आठवतं का? सावकाराच्या पत्रातून. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. व्यापाऱ्याच्या पत्राकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही हे दोन्हीकडे माहीत होतं. जुलै १७८० मध्ये इंग्रज आरमार न्यूपोर्टला आलेल्या फ्रेंचांवर चालून जाणार ही कल्पर टोळीची सगळ्यात मोठी बातमी. ती सेटॉकेटमधल्या एका राजनिष्ठ गृहस्थाच्या नावे लिहिलेल्या, मालाबद्दलच्या साध्या व्यापारी पत्रावर अदृश्य शाईने लिहून बाहेर पडली.

मालिकेचा सगळ्यात मोठा खोटेपणा मात्र नावागावात नाही, वेळेत आहे. तिथे निरोप रात्री निघतो आणि सकाळी वॉशिंग्टनच्या तंबूत असतो. खरी वाट अशी होती. टाउनसेंड मॅनहॅटनमध्ये लिहिणार. ऑस्टिन रो नावाचा सेटॉकेटचा खानावळवाला माल आणायच्या निमित्ताने घोड्यावरून सुमारे ५५ मैल शहरात येणार, पत्र घेऊन तेवढंच परत जाणार, आणि वुडहलच्या रानात पुरलेल्या पेटीत ते टाकणार. वुडहल ते काढून त्यात आपलं घालणार. मग ब्रूस्टर येईपर्यंत थांबायचं. तो वारा, चंद्र आणि इंग्रज गस्त बघून लाँग आयलंड साउंड ओलांडून कनेक्टिकटला फेअरफील्डकडे नेणार. तिथून टॉलमॅज, तिथून घोडेस्वारांच्या टप्प्यांनी वॉशिंग्टन. आठवडा सहज जायचा, कधी जास्त. वॉशिंग्टन पत्रामागून पत्रं लिहून कुरकुरतोय की बातमी शिळी होऊन येते, जवळची वाट शोधा. १७८० च्या मे महिन्यात तर त्याने ही टोळी जवळपास बंदच केली होती. पानिपत ते भेलसा ती सावकारी चिठ्ठी दहा दिवसांनी पोचली, आणि पेशवा ती सदाशिवरावभाऊंच्या मदतीला जाताना वाटेत वाचत होता. हेरगिरीतली खरी शोकांतिका ही आहे. बातमी खरी असते, पण ती ज्या क्षणाबद्दल असते तो केव्हाच सरलेला असतो.

एका मराठी मालिकेच्या वेळी मी हट्ट धरला होता की पत्र पोचायला दहा दिवस दाखवा. चॅनलच्या ईपीने, म्हणजे कार्यकारी निर्मात्याने, शांतपणे विचारलं, ‘सर, दहा दिवस म्हणजे दहा एपिसोड का?’ सगळे हसले. मीही हसलो. पत्र त्याच रात्री पोचलं.

आणि भीती. टॉलमॅजच्या एका पत्रात वुडहलचा प्रसंग आहे. तो खोलीत अदृश्य शाईने लिहितोय, शेजारी इंग्रज अधिकारी उतरलेले. अचानक दार उघडून दोघं आत घुसतात. तो उडी मारून कागद झडपायला जातो, शाई सांडते, टेबल मोडतं. बघतो तर घरातल्याच दोन बायका, त्याची गंमत करायला आलेल्या. नंतर त्याला कितीतरी वेळ सावरता आलं नाही. चाळीस एपिसोडांतल्या सगळ्या पाठलागांपेक्षा मला हे मोडलेलं टेबल जवळचं वाटतं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय वरचं सगळं शहाणपण फुकट आहे.

काही वर्षांपूर्वी एका मालिकेसाठी प्रॉप म्हणून एका हेराचं पत्र हवं होतं. खरं पत्र नव्हतंच, प्रसंग काल्पनिक होता. म्हणजे स्वच्छ ‘गा’. मी उत्साहाने बसलो. जुना हातकागद, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला, बोरू, घट्ट शाई. मायना त्या काळाचा, तारीख ‘छ’ घालून हिजरी महिन्यात, मजकूर आखूड आणि तुटक, जसा घाईत लिहितात. कला दिग्दर्शक खूश झाला. पडद्यावर ते पत्र चार सेकंद दिसलं.

तीन वर्षांनी एक तरुण माझ्याकडे आला. हातात मोबाइलवरून छापून काढलेला फोटो. म्हणाला, काका, हे आमच्या पूर्वजांच्या संदर्भातलं अस्सल पत्र आहे, व्हॉट्सॲपवर आलं, लिप्यंतर करून द्या, घराण्याच्या पुस्तकात छापायचंय. मी चष्मा लावला. ‘ज’ची शेपटी जरुरीपेक्षा जास्त वळलेली. माझंच अक्षर.

त्याला खरं सांगितलं. त्याचा विश्वास बसायला अर्धा तास लागला, मला समोर बसून तसाच ‘ज’ लिहून दाखवावा लागला. तेव्हापासून प्रॉपच्या प्रत्येक पत्रात मी एक ठळक चूक मुद्दाम घालतो, जाणकाराला एका नजरेत दिसेल अशी. अक्षर माणसाला पकडून देतं याचा अनुभव अमेरिकेतही आहे म्हणा. कल्पर ज्युनियर म्हणजे रॉबर्ट टाउनसेंड हे दीडशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. १९३० च्या सुमारास मॉर्टन पेनीपॅकर नावाच्या लाँग आयलंडच्या इतिहासकाराने टाउनसेंड घराण्याचे जुने कागद आणि कल्पर पत्रं शेजारी ठेवून वळण जुळवलं, तेव्हा ते उघड झालं. टाउनसेंडने स्वतः शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. एवढं गप्प राहणाऱ्या माणसाला मालिकेने बरेच संवाद दिलेत. तो ‘गा’, आणि माझ्या मते उत्तम भरलेला ‘गा’.

तर तुमच्या प्रश्नाकडे परत. मुलाला बघू द्यावी का? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्हालाच माहीत. पहिली, रक्त बघून तो कितपत अस्वस्थ होतो. मालिकेत छळ, फाशी, डोकी फुटणं सगळं आहे आणि काही प्रसंग आठवीच्या मुलाने एकट्याने बघण्याजोगे नाहीत, तेव्हा एपिसोड आधी तुम्ही बघा. दुसरी, परीक्षेत तो मालिकेतलं लिहून येणार का. तसा धोका असेल तर परीक्षा होईपर्यंत थांबा, सरळ. तिसरी, तुम्हाला त्याच्या शेजारी बसायला वेळ आहे का. नसेल तर माझं पुढचं सांगणं वाया आहे.

असेल तर त्याला वही द्या, समासात ‘गा’ आणि ‘खो’ लिहायला लावा. प्रत्येक एपिसोडमागे एकच गोष्ट निवडायची. ती खरी आहे का ते शोधायचं नाही, त्याबद्दल कागद आहे का ते शोधायचं. कागद नाही असं निघालं तर ‘गा’, कागद वेगळं म्हणतोय असं निघालं तर ‘खो’. सुरुवात आंद्रे हा इंग्रज अधिकारी पकडला जातो त्या प्रसंगापासून करा. सप्टेंबर १७८०, बेनेडिक्ट अर्नोल्ड या अमेरिकन सेनानीची फितुरी, मोज्यात लपवलेले वेस्ट पॉइंटचे कागद, तीन साध्या शिपायांनी केलेली झडती, २ ऑक्टोबरला फाशी. इथे कागद भरपूर आहेत, त्यामुळे पडताळणी सोपी. सिमको शेवटी घ्या, कारण त्याच्याबद्दल त्याला वर्गात आधीच मान खाली घालावी लागली आहे. आणि बाईंना हॅनकॉक्स ब्रिजबद्दल त्याला स्वतःला सांगू द्या, त्याची भरपाई होईल.

उन्हाळ्यात एक शनिवार काढता आला तर गाडी काढून लाँग आयलंडला जा. आधी ऑइस्टर बेचं रेनम हॉल, मग सेटॉकेट. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात अब्राहम वुडहल पुरलेला आहे. युद्धानंतर तो गावातच राहिला आणि पुढे स्वतः न्यायाधीश झाला. जवळच स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात वॉशिंग्टनने टॉलमॅजला लिहिलेली मूळ पत्रं आहेत, जाण्याआधी विचारून घ्या. मी तिथे गेलेलो नाही, सगळं स्कॅनवर पाहिलंय, त्यामुळे तुम्ही गेलात तर कागदाचा पोत कसा आहे ते मला नक्की कळवा.

परतताना जरा लांब पडेल, पण पोर्ट जेफरसनहून ब्रिजपोर्टची फेरीबोट घ्या. सव्वा तासाच्या आसपास लागतो. ब्रूस्टरची माणसं जवळपास हेच पाणी रात्री, दिवा न लावता, वल्ही मारत ओलांडायची. मुलाला बाहेर डेकवर उभा करा आणि किनारा दिसेनासा झाला की घड्याळ बघायला सांगा.